घरापासून गोठ्यापर्यंत वीज कशी न्यावी

घरामागच्या गोठ्यात, परसातल्या शेडमध्ये किंवा अवजारांच्या खोलीत वीज न्यायची म्हटली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. घरातल्या एखाद्या सॉकेटमधून दोन तारांची वायर निघते, चिंचेच्या फांदीवरून जाते आणि गोठ्यातल्या बल्बला पोचते. पुढे त्याच वायरवर पंखा येतो, मग कडबाकुट्टी येते. अर्थिंगची तिसरी तार शेवटपर्यंत येत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा माणूस आणि लोखंडी दावणीला बांधलेली गाय यांच्यासाठी याहून धोक्याची व्यवस्था नाही. म्हणून या लेखात वायर कशी न्यायची हे आहेच, पण जास्त जागा गोठ्याच्या टोकाला काय असायला हवे यासाठी ठेवली आहे.

उदाहरणासाठी नेहमीचा गोठा धरू : घरापासून ४० मीटर लांब, पत्र्याचे छप्पर, पाच-सहा जनावरे, दोन एलईडी ट्यूब, एक पंखा, दूध काढण्याचे छोटे यंत्र आणि दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी. तुमच्याकडे गोठ्याऐवजी रोपवाटिकेची शेड असली तरी पद्धत हीच.

कोणते काम तुमचे, कोणते वायरमनचे

बल्ब, फ्यूज किंवा खराब झालेला स्विच बदलण्यापलीकडचे वायरिंग, म्हणजे नवी लाइन ओढणे किंवा असलेल्या लाइनमध्ये वाढ करणे, हे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, परवाना असलेल्या वायरमनच्या हातून व्हावे लागते. गावात ‘लाइटीचे काम करणारा’ कुणीतरी असतोच, पण परवाना आहे का हे विचारायला संकोच करू नका. मीटरच्या अलीकडची, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतची बाजू महावितरणची. तिला त्या वायरमननेही हात लावायचा नसतो.

लोड मोजणे, मार्ग ठरवणे, चर खोदणे, वाळू-विटा आणणे, सामान पारखून घेणे आणि काम चालू असताना समोर उभे राहून ते बघणे, हे सगळे तुम्ही करू शकता. शेवटचे सर्वात महत्त्वाचे. काय बघायचे ते माहीत असेल तर वायरमनही अंगचोरी करत नाही.

मीटरचा प्रश्न आधी सोडवा

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. घराचा आणि गोठ्याचा मिळून भार त्यात बसत नसेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा. त्याबरोबर ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

घरगुती मीटरवरची वीज ज्या जागेसाठी आणि ज्या कामासाठी मंजूर झाली, त्याशिवाय इतरत्र वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. गोठा घराच्याच आवारात असेल आणि जनावरे घरापुरती असतील तर सहसा अडचण येत नाही. पण गोठा वेगळ्या गट नंबरात असेल, मध्ये दुसऱ्याची जमीन किंवा सार्वजनिक रस्ता असेल, किंवा दुधाचा धंदा मोठा असेल, तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात लेखी विचारा. वर्गवारी वेगळी लागू शकते, कदाचित स्वतंत्र मीटरच सोयीचा पडेल. शेतीपंपाच्या जोडणीवरून गोठ्याची लाइन काढू नका. तेही कलम १२६ मध्येच येते, आणि त्या फीडरला वीज ठरलेल्या तासांचीच असते. धार काढायच्या वेळी ती असेलच असे नाही.

गोठ्यात फक्त एखाद-दुसरा दिवा हवा असेल आणि अंतर शंभर मीटरच्या पुढे असेल, तर एवढा खटाटोप करू नका. छोटे सोलर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी दिवा यात काम भागते, आणि १२ व्होल्टने जनावर दगावण्याची भीती नाही.

लोड आणि केबलची जाडी

ट्यूब आणि पंखा मिळून एक अँपियरही घेत नाहीत. दोन एचपीची मोटर चालू असताना साधारण ११ अँपियर घेते. दूध काढण्याचे यंत्र आणि कुट्टी एकाच वेळी चालवत नाही असे धरले तर एकूण १२ अँपियर. हा आकडा बघून दुकानदार म्हणेल, अडीच एमएमची वायर पुरे. वायर तापण्याचा विचार केला तर त्याचे बरोबरच आहे. अडचण वेगळीच आहे.

मोटर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या पाचपट खेचते, म्हणजे साधारण ६० अँपियर. ४० मीटर अंतराला जाणारी आणि येणारी मिळून ८० मीटर तार होते. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. म्हणजे आपल्या ८० मीटरला जवळजवळ ०.६ ओहम, आणि ६० अँपियरला ३५ व्होल्ट वायरमध्येच जिरतात. संध्याकाळी गावात २३० ऐवजी २०० व्होल्टच मिळत असतील तर मोटरपर्यंत १६५ पोचतील. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, त्यामुळे तो निम्म्यावर येतो. कुट्टी घूंऽऽ करते, फिरत नाही, आणि महिन्याभरात वाइंडिंग जळते. दोष मात्र मोटर कंपनीला दिला जातो.

तेच सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध ३.०८ ओहम. सुरुवातीला १५ व्होल्ट पडतात, चालू असताना फक्त ३. म्हणून आपल्या उदाहरणासाठी सहा एमएम तांबे घ्या. दहा एमएम ॲल्युमिनियमचा रोधही नेमका ३.०८ असतो आणि ते स्वस्त पडते, म्हणून जमिनीखालून नेताना बरेच लोक दहा एमएम ॲल्युमिनियमची आर्मर्ड (लोखंडी थर चढवलेली) केबल घेतात. तीही चांगली, पण तिचे टोक एमसीबीच्या (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) स्क्रूखाली नुसते दाबायचे नाही. लग (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) क्रिंप करायचा, म्हणजे दाबून पक्का बसवायचा, आणि ॲल्युमिनियम तांब्याला मिळते तिथे बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग वापरायचा. नाहीतर सांधा सैल होऊन तापतो आणि काळा पडतो.

केबल तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली घ्या : फेज (वीज आणणारी), न्यूट्रल (परत नेणारी) आणि अर्थ. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. रंगांची अदलाबदल ‘वायर उरली होती म्हणून’ कुणालाही करू देऊ नका. आयएसआय चिन्ह बघा आणि केबलवर लांबीभर छापलेला साइज वाचा.

वरून की जमिनीखालून

वरून वायर नेणे एका दिवसाचे काम आहे. पण कडब्याने भरलेली ट्रॉली, वादळात मोडणाऱ्या फांद्या, माकडे आणि उन्हाने तडकणारे आवरण यांचा विचार केला तर जमिनीखालची केबलच परवडते. खाली कातळ असेल आणि खोदणे शक्यच नसेल तर वरून न्या, पण जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या आधाराने, दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून, ट्रॉलीवरच्या भाऱ्याच्याही बऱ्याच वर आणि झाडाला न बांधता.

चर खोदायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. जमीन ओली-मऊ असते आणि चरात पाणी साचत नाही. खोली ७५ सेंटीमीटर ठेवा; भारतीय मानक कमी दाबाच्या केबलला एवढीच सांगते. नांगराचा फाळ आणि कुदळ तिथवर सहसा पोचत नाही. तळाशी आठ सेंटीमीटर वाळू, त्यावर केबल, परत आठ सेंटीमीटर वाळू, वर आडव्या विटांची ओळ. मग माती, आणि वरून फूटभर खाली लाल-पिवळी सूचनापट्टी. दहा वर्षांनी कुणी नळासाठी खोदेल तेव्हा त्याला ती पट्टी आधी दिसली पाहिजे.

काळ्या मातीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि केबल ओढली जाते. अशा ठिकाणी केबल ताणून टाकू नका, थोडी नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना मीटरभर फेरा ठेवा. घुशी साधी पीव्हीसी वायर कुरतडतात, पाइपातूनसुद्धा आत शिरतात. आर्मर्ड केबलचा लोखंडी थर याच्याविरुद्ध कामाचा, आणि माझ्या मते गोठ्यासाठी दुसरी केबल घेऊच नये. ट्रॅक्टर जातो तेवढ्या पट्ट्यात केबल जीआय पाइपातून न्या. मध्ये जोड नको, एकच सलग तुकडा आणा. बुजवण्याआधी चराचे फोटो काढा, शेजारी टेप पसरलेली दिसेल असे, आणि भिंतीपासूनची अंतरे वहीत लिहून ठेवा.

घराच्या टोकाला

गोठ्याची लाइन सॉकेटमधून नाही, मेन स्विचनंतर स्वतंत्र निघाली पाहिजे. तिला २० अँपियरचा, सी प्रकारचा, डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी. सी प्रकार अशासाठी की मोटर सुरू होतानाच्या झटक्याने तो उगाच पडत नाही.

त्याच्याबरोबर १०० मिलिअँपियरचा, थोडा उशिरा पडणारा आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. याचे काम जमिनीखालच्या केबलची राखण करणे. घराला आधीपासून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असेल तर गोठ्याची लाइन त्याच्या आधी काढून घ्या, नाहीतर गोठ्यातल्या प्रत्येक बिघाडाला घरात अंधार होईल. एमसीबीच्या खाली ठळक अक्षरांत ‘गोठा’ लिहा. घरातल्या शाळकरी पोरालाही तो चटकन सापडला पाहिजे.

अर्थिंग आणि आरसीसीबी

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. हे हिशेबानेच पाहू. समजा कुट्टीच्या मोटरमध्ये इन्सुलेशन गेले आणि फेज लोखंडी सांगाड्याला लागली. अर्थिंग आहे, पण आपल्या मुरमाड जमिनीत त्याचा रोध २० ओहम आहे. अर्थिंगमधून जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. एमसीबी २० चा. तो हलणारही नाही. सांगाडा जिवंत राहील आणि हात लावेल त्याची वाट बघेल.

आता ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. तो जाणारा आणि परत येणारा करंट सतत तोलतो. ०.०३ अँपियरचा फरक पडला की लाइन तोडतो. २० ओहमच्या अर्थिंगवर तेवढ्या करंटला सांगाड्यावर ०.६ व्होल्ट येतात. अर्थिंग खराब होऊन २०० ओहम झाले तरी ६ व्होल्ट. अर्थिंगच नसेल तर मात्र गळती वाहायला वाट नाही. आरसीसीबी पडेल तो कुणाच्या तरी अंगातून करंट गेल्यावरच. म्हणून दोन्ही हवेत, एकाऐवजी दुसरे नाही.

गोठ्याला स्वतःचे अर्थिंग करा. ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भिंतीपासून निदान दीड मीटर लांब, ओल टिकते अशा जागी उभा पुरा. भोवती कोळसा आणि मीठ घालतात. मिठाने पाइप लवकर गंजतो, त्यामुळे बाजारात मिळणारे अर्थिंग कंपाउंड वापरलेत तर बरे. जनावरे बांधतात किंवा पाण्याला येतात तिथे खड्डा घेऊ नका, उकिरड्याजवळही नको. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

केबलमधली हिरवी तार आणि केबलचे आर्मर दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडा, आर्मर ग्लँडमधून (केबल पेटीला घट्ट धरणारा धातूचा भाग). त्याआधी घराच्या अर्थिंगला कुणी न्यूट्रल जोडून ठेवलेला नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. ‘अर्थिंग मिळत नाही म्हणून न्यूट्रल दिला’ हे गावोगाव ऐकू येते. कधी खांबावर न्यूट्रल तुटला तर घरातले आणि गोठ्यातले प्रत्येक लोखंड फेज होते.

जनावरांसाठी आणखी एक काम आहे. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असते, खूर ओले असतात, पायात चप्पल नसते. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या व्होल्टेजने ती बिचकते, पाणी पीत नाही, दूध चोरते. म्हणून पत्र्याच्या शेडचे खांब, लोखंडी दावण, गव्हाणीची रेलिंग, पाण्याचा लोखंडी नळ हे सगळे जीआय पट्टीने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडून टाका. सगळे लोखंड एकाच पातळीवर राहिले की जनावराच्या अंगातून करंट वाहायला कारण उरत नाही. नवा गोठा बांधत असाल तर कोब्याखालची सळईची जाळीही याच पट्टीला जोडून घ्या. कोबा झाल्यावर हे करता येत नाही.

गोठ्यातला बोर्ड

गोठ्यात ओल, धूळ आणि गोमूत्राचा अमोनिया असतो. पत्र्याची पेटी दोन पावसाळ्यांत गंजते. प्लास्टिकची, झाकणाला रबर असलेली, आयपी ६५ दर्जाची पेटी घ्या. दाराजवळ, जनावराचे तोंड, शिंग आणि शेपूट पोचणार नाही अशा उंचीवर लावा. वायर खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे पाणी ओघळून आत येत नाही. उरलेली भोके बुजवा. पाली आणि गांधीलमाश्यांना अशी पेटी फार आवडते.

आत सर्वात आधी ३० मिलिअँपियरचा डबल पोल आरसीसीबी, मग दिव्यांसाठी ६ अँपियर, सॉकेटसाठी १६ अँपियर आणि कुट्टीसाठी सी प्रकारचा स्वतंत्र एमसीबी. हे सगळे डबल पोल घ्या. थोडे महाग पडतात, पण न्यूट्रल कुठे अर्थला लागला असेल तर सिंगल पोल बंद करूनही आरसीसीबी पडत राहतो आणि बिघाड शोधता येत नाही. त्याला कंटाळून लोक आरसीसीबीच बायपास करतात. तसे करणाऱ्या वायरमनला परत बोलावू नका.

कुट्टीला नुसता स्विच चालणार नाही. स्टार्टर घ्या, ज्यात ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) आणि नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की कॉइल सुटते, आणि आल्यावर हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. साध्या स्विचवर काय होते ते डोळ्यांसमोर आणा : कुट्टी चालू असताना लाइट गेली, अडकलेला कडबा काढायला माणसाने कुट्टीच्या तोंडात हात घातला, आणि लाइट आली. वैरण काढायची तर स्टार्टर बंद, एमसीबीही बंद, मगच हात. लाइट गेलेली असणे म्हणजे स्विच बंद असणे नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला आणि गड्याला सांगून ठेवा.

दिवे पाणी-धूळ न शिरणारे घ्या आणि वैरणीच्या गंजीवर लावू नका. वायर भिंतीवरून पाइपातून, जनावराच्या पोचेपलीकडे. गव्हाणीच्या वर लोंबणारा होल्डर नको. जनरेटर किंवा इन्व्हर्टर जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विचनेच. सॉकेटमध्ये उलटी पिन घालून वीज भरली तर ती खांबावर जाते आणि तिथे लाइनमन काम करत असतो.

चालू करण्याआधी

वायरमनकडे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचे यंत्र) असला पाहिजे. ५०० व्होल्टच्या मेगरवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही ठिकाणी एक मेगओहमपेक्षा जास्त यायला हवे. नव्या कामात काटा कितीतरी वर असतो. मेगर लावताना ट्यूब, पंखा आणि मोटर सोडवून ठेवायची. मग अर्थिंगचा रोध मोजून घ्या आणि आकडा पेटीच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडता येईल. हिरवी तार घरापासून कुट्टीच्या सांगाड्यापर्यंत अखंड आहे हे मल्टिमीटरने बघा. निऑन टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग शाबूत आहे की नाही हे सांगत नाही.

वीज सोडल्यावर पहिले काम म्हणजे गोठ्यातल्या आरसीसीबीचे ‘टी’ बटण दाबणे. तो खटकन पडला पाहिजे आणि घरचा जागेवर राहिला पाहिजे. पुढे दर महिन्याला हे बटण दाबत जा, अमावास्या-पौर्णिमा धरलीत तर विसरणार नाही. मृगाच्या आधी पेटी उघडून स्क्रू आवळून घ्या, अर्थिंगच्या नटावरचा गंज काढा.

कुणाला शॉक बसला तर

जनावर अचानक कोसळले किंवा माणूस लोखंडाला चिकटलेला दिसला, तर गोठ्यात धावू नका, हातही लावू नका. ओल्या जमिनीतूनही शॉक बसतो. आधी घरातला ‘गोठा’ लिहिलेला एमसीबी पाडा. नंतरच माणसाला बाजूला घ्या, श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. खांबावरची तार तुटून पडली असेल तर तुमच्या एमसीबीने काही होणार नाही. सगळ्यांना लांब थांबवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत तो एमसीबी परत वर करू नका, धारेची वेळ झाली असली तरी.